चहा सोडला तो उपवासकाळ

राखेच्या बुधवारी चर्चमधून बाहेर पडताना, कपाळावरची राख नीट वाळायच्या आतच, आमच्याकडं लोक एकमेकांना विचारतात, “मग, यंदा काय सोडलं?” ईस्टरआधीच्या उपवासकाळाचे चाळीस दिवस कुणी मटण सोडतं, कुणी तंबाखू. एका बाईनं एकदा टीव्हीवरची मालिका सोडली होती आणि ईस्टरपर्यंत रोज शेजारणीकडून तिची गोष्ट ऐकून घेतली होती. यंदा मलाही विचारलं. मी म्हणालो, “काही नाही.” मागं माझा थोरला भाऊ, शमूदादा, चपला शोधत होता. त्यानं घसा खाकरला आणि फाटकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “त्याला नका विचारू. त्यानं एकदा चहा सोडला हुता. अख्ख्या मंडळीला महागात पडलं.”

मंडळी हसली. मीही हसलो. सुनंदा, म्हणजे माझी बायको, पायरीवर उभी होती. ती सगळ्यात जास्त हसली.

हे दिवस परत आले की मला आधी आवाज ऐकू येतात. आमचं गाव मिरजगावपासून जवळ. या दिवसांत रानातली ज्वारी उपटून झालेली असते आणि मोकळ्या रानातून वारं सरळ घरात येतं. हायवेवरून द्राक्षांचे क्रेट भरलेले पिकअप जातात. ओसरीओसरीवर बाया चिंचा फोडत बसलेल्या असतात. ठक्, मग चिंचोका निसटल्याचा बारीक टक्, परत ठक्. तो आवाज गावभर चालू असतो. सहा वर्षांपूर्वीच्या उपवासकाळात तो आवाज आला की मी खिडकी लावून घ्यायचो. उन्हाळ्यात खिडकी लावून घेणारा माणूस दोन कारणांनी लावतो: एक तर धूळ येते म्हणून, नाहीतर लाज वाटते म्हणून. आमच्या गल्लीत तेव्हा डांबर होतं. धूळ फारशी नव्हती.

चिंचेचं प्रकरण असं. दादाच्या आणि माझ्या रानामधल्या बांधावर आमच्या वडिलांनी लावलेलं चिंचेचं झाड होतं. त्याची सावली माझ्या कांद्याच्या रोपांवर पडायची. दादा पंधरा दिवसांसाठी लेकीकडं पुण्याला गेला होता, तेवढ्यात मी माणसं लावली आणि झाड पाडलं. विचारलं नाही. दादा परत आला, बांधावर गेला, बुंध्यावर हात ठेवून जरा वेळ उभा राहिला आणि मला एवढंच म्हणाला, “आता दुपारची भाकरी कुठं बसून खायची, मास्तर?”

मी शाळेत मास्तर आहे हे खरं. पण जन्मापासून तो मला बारक्या म्हणायचा. त्या दिवशी मी मास्तर झालो, आणि त्यानंतर तीन वर्षं तो माझ्याशी बोलला नाही. त्याच्या रानात द्राक्षं, माझ्या रानात कांदा, आणि मधे बुंधा. मी त्या तीन वर्षांत माझी बाजू इतकी छान तयार केली होती, की वर्गात शिकवली असती तर पोरांना पैकीच्या पैकी मार्क पडले असते. फक्त ती ऐकून घ्यायला कुणी तयार नव्हतं. सुनंदाला सांगायला जावं तर ती म्हणायची, “माझं ऐकून काय करता? भाऊजींना सांगा.”

त्यात मी मंडळीचा, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांचा, पंच. आमच्याकडं प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घ्यायच्या विधीच्या, आधी पाळक (आमचे धर्मगुरू) थांबतात. ज्याचं कुणाशी काही अडलंय त्यानं आधी उठून जावं, हात मिळवावा आणि मग प्याला घ्यावा, असं बायबलमध्ये सांगितलंय आणि आमच्याकडं तसा रिवाजही आहे. ज्याला ते जमत नाही, त्यानं छोट्या प्याल्यांचं ताट आपल्यापाशी आलं की न घेता शेजाऱ्याकडं सरकवावं. कुणी टोकत नाही, विचारत नाही. ताट फिरवायचं काम पंचांचं. पुरुषांच्या बाजूला माझं ताट असायचं आणि दादा बसायचा तिसऱ्या बाकावर. म्हणून मी दुसऱ्या पंचाशी अदलाबदल केली. “माझे गुडघे दुखतात, बायकांची बाजू सपाट आहे,” असं कारण दिलं. दोन्ही बाजूंना एकच फरशी आहे. तीन वर्षं मी बायकांच्या बाजूला ताट फिरवलं, शेवटी आपला प्याला उचलला, डोळे मिटले आणि प्यालो.

त्या वर्षी राखेच्या बुधवारच्या आदल्या दिवशी सुनंदानं मला सांगितलं की अंघोळ करताना छातीत गाठ लागली. सांगितलंही कसं, तर भाकरी थापता थापता. “बघू डॉक्टरांना दाखवून,” म्हणाली आणि भाकरी उलटली.

दुसऱ्या दिवशी कपाळावर राख घेऊन मी देवाशी बोलणं केलं. बोलणं कसलं, सौदाच केला. मी चहा सोडतो, तू गाठ साधी निघू दे. देवानं होकार दिला नाही. नकारही दिला नाही. आमच्या भागात गप्प बसलेल्या माणसाचा होकार धरतात, तसा मी धरला.

आता नगर जिल्ह्यात (कागदावर अहिल्यानगर झालं, तोंडातून अजून नगरच निघतं) चहा सोडणं म्हणजे काय हे बाहेरच्याला कळायचं नाही. आमच्याकडं माणूस दारात आला की आधी चहा ठेवतात, मग नाव विचारतात. मी रोज सहा-सात कप पिणारा. पहिल्या आठवड्यात डोकं असं दुखलं की मी पोरांना सातचा पाढा उलटा म्हणायला लावला आणि मलाच तो तपासता येईना. शिपायानं टपरीवरून कप आणला की मी वास घ्यायला खिडकीपाशी जायचो. वास सोडला नव्हता, त्यामुळं त्यात सौद्याचा भंग नव्हता. सुनंदा मला गवती चहाची पात आणि सुंठ उकळून काढा करून द्यायची. त्या काढ्याला मी काळं, कडू, पवित्र पाणी म्हणायचो. मिरजगावच्या डॉक्टरांनी तिला महिनाभराच्या गोळ्या दिल्या होत्या. गोळ्यांनी गाठ गेली नाही. मग नगरला नेलं, तिथं सुईनं तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट ईस्टरच्या आदल्या दिवशी, शनिवारी मिळणार होता. मी मोजलं. चहाचा शेवटचा दिवसही तोच. मला वाटलं, बघा, हिशेब जुळतोय.

सुनंदाला मी सौद्याचं सांगितलं नव्हतं. पण तीस वर्षं संसार केलेल्या बाईला सांगावं लागत नाही. एकदा काढा हातात देताना ती म्हणाली, “अहो, चहा सोडा म्हणून कुणी सांगितलं होतं तुम्हाला?”

“उपवासकाळ आहे.”

“जे सांगितलंय ते सोडून बाकी सगळं करायला तुम्हाला भारी आवडतं.”

मी फुंकर मारायच्या निमित्तानं मान खाली घातली. माणूस काढ्यावर किती वेळ फुंकर मारू शकतो याला मर्यादा असते.

उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या दिवशी, गुरुवारी संध्याकाळी, आमच्याकडं प्रभुभोजन असतं. प्याल्यासाठी काळ्या मनुका भिजवून, उकळून त्यांचा रस काढायचा. घराघरांत त्याची पाळी असते. त्या गुरुवारी पाळी सुनंदाची होती. मी म्हटलं, दुसऱ्या कुणाला सांगू, तू आराम कर. ती म्हणाली, “पाळी माझी आहे.” सकाळी तिनं रस काढला, गाळला, पितळी पातेल्यात झाकून ठेवला आणि दमून आडवी झाली.

मी सकाळची शाळा करून घरी आलो. ऊन डोक्यात शिरलेलं, सदतीस दिवस चहा नाही. स्वयंपाकघरात पातेलं. झाकण काढलं तर आत काळपट तपकिरी पाणी. मला बायकोची दया आली. इतकी दमलेली असूनही माझा काढा करून ठेवला! मी पातेलं गॅसवर ठेवलं. चव घेतली तर सुंठ कमी वाटली. म्हणून चांगली चमचाभर घातली. आलं किसून घातलं. दोन कप प्यालो. काय सांगू, सदतीस दिवसांत इतका गोड काढा झाला नव्हता. देव माझ्यावर प्रसन्न आहे याची ती खूण मानून मी तिसरा कपही प्यालो.

सुनंदा उठून आली. पातेल्यात पाहिलं. माझ्या मिशीकडं पाहिलं.

“काय प्यालात?”

“काढा. फार छान झाला होता गं.”

ती खाली पाटावर बसली. मला वाटलं चक्कर आली. तिचे खांदे हलत होते. मी घाबरून वाकलो तर ती हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. गाठ लागल्यापासून पहिल्यांदा. “चाळीस माणसांचं प्रभुभोजन एकटे प्यालात,” ती म्हणाली, “आणि वर सुंठ घातलीत.”

हसू थांबल्यावर तिनं पदरानं डोळे पुसले आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, “वाण्याकडं मनुका मिळतील. नाहीतर भाऊजींच्या बागेत द्राक्षं आहेत. ताज्या द्राक्षांचा रस चांगला होतो.” मग परत आडवी झाली.

मी पिशवी घेऊन निघालो. पहिल्यांदा वाण्याकडंच गेलो, लपवत नाही. मनुका घेतल्या, खिशात टाकल्या. काम झालं होतं. चौकातून डावीकडं वळलं की आमचं घर, उजवीकडची वाट दादाच्या बागेला जाते. मी त्या चौकात चप्पल तुटल्यासारखा उभा राहिलो. कुठल्यातरी ओसरीवर चिंचा फोडणं चालू होतं. ठक्, ठक्. खिशात मनुका असल्यामुळं उजवीकडं जायला मला एकही कारण उरलं नव्हतं. आणि तेव्हाच मला कळलं की कारण नसताना जायचं, हेच तर सांगितलेलं होतं. हे मला चहा सोडला त्या दिवशीही माहीत होतं. म्हणूनच चहा सोडला होता.

गेलो. दादा मांडवाखाली कात्री घेऊन घड साफ करत होता. त्यानं मला पाहिलं आणि खराब मणी काढत राहिला.

“दादा, द्राक्षं पाहिजे होती. थोडी. संध्याकाळच्या प्याल्यासाठी.”

“मनुका संपल्या का गावातल्या?”

मी खिशातली पुडी काढून दाखवली. त्यानं पुडीकडं पाहिलं, मग पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं. “मग?”

तीन वर्षं तयार केलेली माझी सगळी बाजू तिथंच कुठंतरी सांडली. मी म्हणालो, “चिंच तुला विचारून तोडायला पाहिजे होती.”

कात्री थांबली. “व्हय. पाहिजे हुती.” मांडवाच्या पानांत माश्यांचा आवाज. “मी न्हाई म्हणलो नसतो. रोपं वाळत्यात हे मलाबी दिसत हुतं. तू इचारलंच न्हाईस, ते लागलं.”

“चुकलं माझं.”

“लई चुकलं.” त्यानं एक घड कापून माझ्या पिशवीत टाकला, मग दुसरा, मग तिसरा. “बास का? का तूच पिऊन टाकनार?” ही त्याची नेहमीची थट्टेची पद्धत, त्याला काही माहीत नव्हतं. मी पातेल्याची गोष्ट सांगितली. तो कात्री गुडघ्यावर ठेवून हसला, तसा हसणारा माझा भाऊ मी तीन वर्षांत पाहिला नव्हता. मग म्हणाला, “माझ्या वाटचं करू नका म्हनावं सुनंदाला. एक प्याला कमीच लागंल.”

“का?”

मार्थावहिनी घरातून येत होत्या, हातात बशा. त्यांनीच उत्तर दिलं. “तीन वर्सं घेत न्हाईत ते. ताट आलं की फुडं सरकवत्यात. भावाशी अडलंय म्हनत्यात, मग कसं प्यायचं. तुमाला ठावं न्हाई व्हय, मास्तर?”

मला ठाऊक नव्हतं. मी बायकांच्या बाजूला होतो. ज्याच्यावर अन्याय झाला होता तो तीन वर्षं कोरडा बसून राहिला, आणि ज्यानं झाड तोडलं तो डोळे मिटून पीत राहिला, वर लोकांना प्याले वाटतही राहिला. गुडघे दुखत होते ना माझे.

वहिनींनी बशी माझ्यापुढं धरली. बशीत चहा. गुळाचा, घट्ट, दुधाची साय तरंगत असलेला. सदतीस दिवस झाले होते, तीन राहिले होते. शनिवारी रिपोर्ट होता. हा चहा प्यालो तर सौदा मोडला. आणि नाही प्यालो, तर आमच्या भागात तीन वर्षांनी समेटाला आलेल्या माणसानं चहा नाकारला याचा अर्थ एकच होतो. मी वहिनींना उपवासकाळ समजावून सांगू शकलो असतो. तोंड उघडलंही. दादा बशीकडं बघत नव्हता, मुद्दाम बघत नव्हता.

मी हात पुढं केला. बशी काठोकाठ होती, थोडा चहा मनगटावर सांडला. मनात म्हणालो, देवा, ती तुझ्याच हातात आहे, माझ्या बशीत नाही. हे म्हणताना माझा त्यावर विश्वास होता का? अर्धा असेल. अर्ध्या विश्वासानं पूर्ण बशी प्यालो.

“अजून घे, बारक्या,” दादा म्हणाला.

त्या संध्याकाळी मी पुरुषांच्या बाजूला ताट फिरवलं. तिसऱ्या बाकापाशी आलो तेव्हा प्याले ताटात किणकिणत होते. दादानं एक उचलला, नाकापाशी नेला आणि ओठ न हलवता कुजबुजला, “सुंठ न्हाई ना?” प्रभुभोजनाच्या वेळी हसू दाबणारा पंच कसा दिसतो, हे पहिल्या बाकावरच्या म्हाताऱ्यांना विचारा. त्यांना वाटलं मी रडतोय. तेही खोटं नव्हतं.

इथं गोष्ट संपली असती तर मला सांगायला बरं वाटलं असतं. पण शनिवार आला. दादाचा पिकअप सकाळीच दारात उभा राहिला, न बोलावता. सुनंदा पुढं त्याच्या शेजारी बसली, मी मागं रिकाम्या क्रेटवर. नगरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. नाव मोठं होतं, खोली लहान होती.

परत येताना मी मागं क्रेटवर बसून देवाशी भांडलो. वारं इतकं होतं की मोठ्यानं ओरडलो तरी पुढं ऐकू गेलं नसतं, आणि मी ओरडलो. तू सांगितलंस ते केलं ना? गेलो ना त्याच्याकडं? मग? आणि त्या सगळ्याच्या तळाशी एक किडा वळवळत होता: चहा प्यालास म्हणून झालं. तीन दिवस कळ काढली असतीस तर. मी घरी येऊन हे सुनंदाला सांगून टाकलं.

“माझ्या गाठीला तुमच्या चहाची काय खबर?” ती म्हणाली. मग, “देव काय वाणी आहे का हो, तुम्ही इकडून चहा द्यायचा, त्यानं तिकडून बायको द्यायची?”

“तुला भीती नाही वाटत?”

“वाटते की. रात्रंदिवस वाटते. पण भीत भीत भाकरी करता येते, तसंच हेही करायचं. त्यानं हात धरलाय, कुठं नेतोय ते सांगितलेलं नाही. भाऊजींकडं जा म्हणाला तेव्हा तुम्हाला तरी पुढचं कुठं सांगितलं होतं?”

दर एकवीस दिवसांनी नगर. दर वेळी दादाचा पिकअप. तिचे केस गेले, तेव्हा मार्थावहिनींनी ओढणी कशी बांधायची ते शिकवलं, म्हणजे आधी स्वतः चुकीची बांधून दाखवली. गाडीत द्राक्षांचा आंबूस वास, दादाचं तालासुरात नसलेलं गाणं, आणि मधे बसलेली ती. मी तेव्हा विचार करायचो: मी त्या गुरुवारी उजवीकडं वळलो नसतो तर ही गाडी आली असती का? आताही तो विचार आला की मी लगेच स्वतःला थांबवतो. त्या वॉर्डात शेजारच्या खाटेवर एक बाई होती. तिचा नवरा माझ्यापेक्षा चांगली प्रार्थना करायचा, त्यानं कुणाचं झाड तोडलं नव्हतं. ती बाई आज नाही. त्यामुळं कुणी मला विचारलं की तुम्ही देवाचं ऐकलं म्हणून बायको बरी झाली ना, तर मी म्हणतो, मला माहीत नाही. मला एवढंच माहीत आहे की ऐकायला उशीर केला तेवढे दिवस मी एकटा भ्यालो, आणि ऐकल्यानंतर भ्यालो तेव्हा पिकअपमध्ये आम्ही तिघं होतो.

दर वर्षी तिची तपासणी असते आणि नेमकी याच दिवसांत येते. यंदाही झाली. रिपोर्ट आता मोबाईलवर येतो, यंदाचा अजून यायचा आहे. आज तोच प्रभुभोजनाचा गुरुवार, पाळी परत सुनंदाची आहे. वाण्याच्या मनुका आम्ही त्या वर्षीपासून बंद केल्या. सकाळीच दादा द्राक्षं देऊन गेला, चहा पिऊन गेला आणि जाताना पातेल्यापाशी थांबून मला म्हणाला, “हात मागं बांधून बस.”

ती रस ढवळते आहे. खिडकी उघडी आहे, समोरच्या ओसरीवर ठक्, टक्, ठक्. कट्ट्यावर ठेवलेला मोबाईल थरथरला आणि स्क्रीन उजळली. दवाखान्याचा मेसेज. मी उठलो.

“बसा,” ती म्हणाली. मोबाईलकडं तिनंही पाहिलं होतं, तिचा चमच्याचा हात क्षणभर थांबलेला मी बघितला. मग तिनं चमचा पातेल्यात बुडवला, फुंकर मारली आणि माझ्यापुढं धरला. अर्धाच चमचा. “आधी हे. गोडी बरोबर आहे का सांगा.”

मी तोंड पुढं केलं.

“एवढंच हं,” ती म्हणाली.